अक्षर चुकू नये, ज्योत विझू नये

मंडळी, कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे आपल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाच्या, दफनभूमीत स्मारक बांधायचे तर एक गोष्ट आधी मान्य करावी लागते. रोज झाडलोट करणारे हात आता बहुतेक गावांत उरलेले नाहीत. 1948 नंतर घरेच्या घरे इस्राएलला गेली. पेणकर, किहीमकर, नवगावकर ही आडनावे तिकडे आहेत आणि थडगी इकडे. म्हणून वर्षा-दोन वर्षांनी आलेल्या नातवाला आजीचे नाव वाचता यावे आणि त्याने लावलेली ज्योत पुरा दिवस तेवावी, एवढ्यासाठी बांधायचे. घुमट-कमानींवर पैसे घालू नयेत, असे माझे ठाम मत आहे.

चौथऱ्याला जांभा चालेल, अक्षरांना नाही. तो सच्छिद्र असतो, कोर टिकत नाही. संगमरवरावरची अक्षरे खारा वारा आणि पाऊस बोथट करतात. काळा पाषाण घ्या, अक्षर तीन-चार मिलिमीटर खोल कोरून घ्या आणि नुसत्या रंगावर विसंबू नका.

खरी चूक होते ती हिब्रू मजकुरात. हिब्रू उजवीकडून डावीकडे जाते. संगणकावरून नमुना काढताना पुष्कळदा अक्षरांचा क्रमच उलटतो, आणि पाथरवट बिचारा समोर आहे तसे कोरतो. सारखी दिसणारी अक्षरेही फसवतात. 'दालेत' या अक्षराचा उजवा कोपरा मागे टोकदार निघतो, 'रेश'चा गोल असतो. 'हे' या अक्षराचा डावा पाय वरच्या रेघेपासून सुटा असतो, 'खेत'चा चिकटलेला. शिळेच्या शेवटी 'तव', 'नून', 'त्सादी', 'बेत', 'हे' ही पाच अक्षरे येतात, एका हिब्रू वाक्याची आद्याक्षरे: 'त्याचा जीव जीवनाच्या गाठोड्यात बांधला जावो.' यातल्या शेवटच्या 'हे'ची फट बुजली की 'खेत' होते आणि ओळ बिघडते. छिन्नी लागण्याआधी नमुना खऱ्या मापात कागदावर काढा आणि हिब्रू वाचणाऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्या. खाली मराठी हवीच. आपल्या जुन्या थडग्यांवर दोन्ही लिप्या शेजारी नांदतात.

आता पुण्यतिथीचा दिवा. कोनाडा फूटभर खोल ठेवा आणि त्याचे तोंड ईशान्येला करा, कारण पावसाळी वारा नैऋत्येचा. खाली आणि वर एकेक भोक ठेवा. हवा खेळली नाही तर ज्योत काजळी धरते. वाऱ्याने ज्योत एका बाजूला कलली की काच तिथेच तापते आणि तडकते. दोष मेणबत्तीचा नसतो. समोरचे गवत मीटरभर साफ हवे, ज्योत रात्रभर एकटी असते.

मेणबत्ती 24 तासांहून थोडी जास्त जळणारी घ्या. आपला जुना काचेचा दिवाही उत्तम. तळाशी दोन बोटे पाणी, वर तेल, त्यावर तरंगती वात. तेल संपले की पाण्यापाशी ज्योत आपोआप विझते आणि काच वाचते. बारीक वातीला तासाला चार मिलिलिटर धरले तर 26 तासांना शंभरेक मिलिलिटर लागते. वात जाड झाली की हा हिशोब कोसळतो, म्हणून आधी एकदा घरी जाळून पाहा. थंडीत खोबरेल थिजते, तेव्हा तिळाचे वापरा. तेलाचा घाणा चालवून शनिवारी तो बंद ठेवत म्हणून ज्यांना एकेकाळी 'शनिवार तेली' म्हणत, त्यांच्या स्मरणाला घाण्याचे तेल शोभतेच.

पुण्यतिथी हिब्रू तारखेने धरतात आणि ती आदल्या संध्याकाळी सुरू होते, म्हणून दिवा सूर्यास्तापूर्वी लावायचा. ती संध्याकाळ शुक्रवारची असेल तर शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, दिव्यांआधी, आणि तेल भरपूर. शब्बाथ लागल्यावर त्यात भर घालता येत नाही, वातही सारता येत नाही.

पाहुण्यांत कोहेन, म्हणजे पुरोहित कुळातले लोक, असू शकतात. त्यांना थडग्यांजवळ जाता येत नाही, म्हणून नावांची एक शिळा कुंपणाबाहेरून वाचता येईल अशी बसवा. फुलांऐवजी ठेवायला खडे हवेत, ते तिथलेच पुरतात. पाण्याचा नळ मात्र फाटकाबाहेर घ्या. दफनभूमीतून निघाल्यावर घरात शिरण्याआधी हात धुवायचे असतात.