बारावी कुठून केली?

नमस्कार श्रोतेहो.

बारावीचा निकाल लागला की आमच्या घरचा फोन थांबत नाही. गोव्यात डिचोली तालुक्यात तीस वर्षं हायर सेकंडरीला शिकवलं, त्यामुळे कोणाला मुलगी पुण्याला पाठवायची असते, कोणाला मुलगा बंगळूरला, ते आधी मला विचारतात. ‘बाई, आमचं मूल तिथे परराज्यातलं. जागा मिळेल? स्कॉलरशिप मिळेल?’ मी उलट विचारते, बारावी कुठून केली?

त्यांना वाटतं, बाई विषय बदलतात. विषय तोच आहे. ‘परराज्यातला’ कोण, हे प्रत्येक अर्ज आपापल्या परीने ठरवतो. एखादा अर्ज रहिवासी दाखला बघतो, दुसरा बारावी कुठून झाली ते बघतो, तिसरा जातीची यादी उघडतो. पुन्हा सांगते: रहिवास, बारावी आणि जातीची यादी. या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि एकीचं काम दुसरी करत नाही.

हे मला माझ्या भाच्यामुळे कळलं.

माझ्या धाकट्या बहिणीचं घर मये गावात. तिच्या नवऱ्याचा खाणीवर ट्रक होता. 2018 च्या मार्चमध्ये खाणी बंद झाल्या, तेव्हा दारात उभा राहिलेला ट्रक किती घरांनी बघितला हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पुढे त्याने ट्रक विकला आणि भाजीची पिकअप घेतली. बेळगावहून भाजी आणायची, डिचोलीच्या बाजारात द्यायची. मुलगा गणितात हुशार. बेळगावात त्याचे काका राहतात आणि तिथे कोचिंग क्लास चांगले, म्हणून दहावीनंतर त्याला तिकडे पाठवलं. अकरावी-बारावी, म्हणजे तिथली पीयूसी, त्याने बेळगावातून केली. मीच सांगितलं होतं, पाठव म्हणून. दर शनिवारी बाप भाजी भरायला जायचा, तेव्हा आईने दिलेला सोलकढीचा डबा पिकअपच्या पुढच्या सीटवर असायचा.

मुलाने जेईई मेन, म्हणजे इंजिनिअरिंगची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा, दिली. रँक भारी नव्हती, पण बरी होती. घरात सगळ्यांनी एकच हिशेब धरला होता. एनआयटी, म्हणजे केंद्र सरकारची इंजिनिअरिंग कॉलेजं, तिथे निम्म्या जागा त्याच राज्याच्या मुलांना असतात. गोवा लहान, अर्ज करणारी मुलं थोडी, त्यामुळे गोव्याच्या एनआयटीत गोव्याच्या मुलाला बऱ्याच मागच्या रँकवरही जागा मिळते. हा हिशेब खराच आहे. बहिणीने मामलेदार कचेरीत तीन खेपा घालून पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला काढला. आजोबांच्या नावचा जमिनीचा उतारासुद्धा फाइलीत लावला. तिला वाटलं, आता कोण नाकारणार.

कॉम्प्युटरवर जागांच्या निवडी भरायला बसलो तेव्हा नावासमोर राज्य दिसत होतं कर्नाटक. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. कर्नाटकच. बहीण म्हणाली, ‘ताई, ह्यांची चूक झाली. दाखला दाखव ना त्यांना.’ चूक कोणाचीच नव्हती. एनआयटीच्या प्रवेशात गृहराज्य म्हणजे बारावी ज्या राज्यातून उत्तीर्ण झाली ते राज्य. जन्म बघत नाहीत. घर बघत नाहीत. मामलेदाराचा दाखला तर मागतच नाहीत. माझा भाचा गोव्याच्या, म्हणजे कुंकळ्ळीच्या एनआयटीला परराज्यातला ठरला आणि सुरतकलच्या एनआयटीला कर्नाटकचा. सुरतकलला कर्नाटकच्या मुलांची एवढी मोठी रांग, की त्याच्या रँकला तिथे वाव नव्हता. आणि कुंकळ्ळीच्या उरलेल्या निम्म्या जागांसाठी अख्खा देश उभा.

त्या रात्री बहीण जेवली नाही. मुलगा मात्र आईला म्हणाला, ‘आई, मी तिथे शिकलो ते कुठे वाया गेलंय?’ आता तो पुण्याला एका खासगी कॉलेजात आहे. महाराष्ट्र सरकारची फीसवलत महाराष्ट्राचा रहिवास असलेल्यांना मिळते, म्हणून पूर्ण फी भरावी लागते. बँकेचं कर्ज काढलंय.

त्याच घरातली धाकटी मुलगी गोवा बोर्डातूनच बारावी झाली, आणि मग तीही पुण्याला गेली, बीएस्सीला. तिला स्कॉलरशिप मिळाली. केंद्र सरकारची योजना आहे, आपापल्या बोर्डात आपल्या शाखेतल्या वरच्या वीस टक्क्यांतल्या मुलांसाठी. घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत हवं. पदवीच्या तीन वर्षांत दर वर्षी 12,000 रुपये, पदव्युत्तरला 20,000. यातल्या जागा बोर्डांना वाटून दिलेल्या असतात. म्हणजे ती शिकते पुण्यात, पण मोजली जाते गोवा बोर्डात. ऐका, पुन्हा सांगते: राज्याबाहेर शिकायला गेलं म्हणून ही स्कॉलरशिप जात नाही.

अडचण वेगळीच असते. अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरला की आधी कॉलेजने तो तपासून पुढे पाठवायचा असतो. तिच्या कॉलेजच्या ऑफिसात तो पडून राहिला. मुलगी रोज लेक्चर संपलं की खिडकीपाशी उभी राहायची. अकराव्या दिवशी तो पुढे गेला. बँक खातं आधारला जोडलेलं होतं म्हणून पैसे थेट खात्यात आले. पुढच्या वर्षी नूतनीकरणाला निम्मे गुण आणि 75 टक्के हजेरी लागते, तेही लक्षात ठेवा.

इथे एक मनातलं सांगते. हे अर्ज सायबर कॅफेत दुसऱ्याच्या हातून भरून घेऊ नका. मुलाने स्वतः भरावेत, आणि आईबापाने शेजारी बसून प्रत्येक ओळ मोठ्याने वाचावी. मुलांना बाहेर पाठवू नये असंही माझं म्हणणं नाही. चार वर्षं बाहेर राहिलेलं मूल स्वतःचा भात शिजवायला शिकतं, पैसे मोजायला शिकतं. जरूर पाठवा.

वेळ थोडा उरलाय, बाकीचं भराभर सांगते. आयआयटीत राज्याचा कोटाच नाही. फर्मागुडीला आयआयटी आहे म्हणून गोव्याच्या मुलाला तिथे वेगळी जागा मिळत नाही. वैद्यकीयला राज्यांच्या सरकारी कॉलेजांतल्या 15 टक्के जागा नीट या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर देशभरातल्या मुलांना खुल्या असतात, आणि दुसऱ्या राज्यातल्या सरकारी कॉलेजात आपल्या मुलांना तेवढाच दरवाजा. जातीच्या दाखल्याचं असं. गावडा, कुणबी, वेळीप समाज 2003 पासून अनुसूचित जमातींत आहेत, आणि तो दाखला एनआयटी, आयआयटी, केंद्रीय विद्यापीठांत चालतो. पण दुसऱ्या राज्याच्या स्वतःच्या कोट्यात तेच मूल खुल्या वर्गात धरलं जातं. ओबीसींनी आपली जात केंद्राच्या यादीत आहे का ते बघावं, आणि दाखला केंद्राच्या नमुन्यात, चालू आर्थिक वर्षाचा काढावा. कर्ज लागणार असेल तर बँकेत जाण्याआधी गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी कर्जाची चौकशी करा.

आणि दहावीच्या मुलांच्या पालकांनो, अकरावीचा फॉर्म भरण्याआधी, बेळगाव असो, कोल्हापूर असो की राजस्थानातलं कोटा शहर, बारावी कुठल्या राज्यात मोजली जाणार ते आधी बघून घ्या. माझी बहीण आता गावात हे ज्याला त्याला सांगत असते. तिच्याकडे तो पंधरा वर्षांचा दाखला अजून फाइलीत आहे, प्लास्टिकच्या कव्हरात.

नमस्कार.