डबल बेलनंतरचं वर्ष

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या वर्षी ३१ मेला मी एसटीतून रिटायर झालो. एकतीस वर्षं कंडक्टरकी केली. डेपोत हार-नारळ झाला, पेढे वाटले, तिकिटाचं मशीन शेवटचं जमा केलं. दुसऱ्या दिवशी १ जून. १९४८ साली याच तारखेला पहिली एसटी पुण्याहून अहमदनगरला निघाली, म्हणून हा एसटीचा वर्धापनदिन. दरवर्षी त्या दिवशी आम्ही गाडीला झेंडूच्या माळा घालायचो. गेल्या १ जूनला मात्र पहाटे पावणेचारला आपोआप जाग आली, अंघोळ उरकली आणि खुंटीवरच्या खाकी शर्टाला हात घातला. अंथरुणातूनच बायको म्हणाली, "अहो, कुठं निघालात?"

लोक विचारतात, रिकामा वेळ कसा जातो? वेळेचं काही नाही हो, गप्पा मारायला अख्खी पाटणची बाजारपेठ आहे. मला अडचण पडली ती जागेची. पाटणहून मुंबई सेंट्रलची रातराणी मी कितीतरी वर्षं केली. एक रात्र गाडीत, एक घरी. तेवढ्यात या घराचं वेळापत्रक माझ्याशिवाय बसलं होतं. दूध कधी येतं, साखरेचा डबा कुठल्या फळीवर असतो, मला काही ठाऊक नाही. मंगळवारी दुपारी ओसरीवर बचत गटाची बैठक भरते. पहिल्या मंगळवारी मी तिथंच खुर्ची टाकून पेपर वाचत बसलो. बारा बायका एकदम गप्प! बायकोनं डोळ्यानं खुणावलं, तेव्हा कळलं की ही सीट रिझर्व्ह आहे. उठलो आणि परड्यात जाऊन बसलो.

आईला ऐकू कमी यायचं. ती रोज सकाळी विचारायची, "आज ड्युटी न्हाई का रं?" सुरुवातीला मी मोठ्यानं सांगायचो, आई, रिटायर झालो मी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. मग मी आपलं "रजा आहे" म्हणायला लागलो. ती खूश व्हायची, एवढी रजा कशी मिळाली म्हणून साहेबाला दुवा द्यायची. नोकरीत असताना सलग चार सकाळी मी तिच्याजवळ बसलो नव्हतो. या रजेत सहा महिने बसलो. मार्गशीर्षात ती गेली. तिच्या लेखी मी शेवटपर्यंत नोकरीतच होतो.

त्यानंतर घर फार शांत झालं. माझी ती दशा बघून म्हणा, किंवा हिशोब लिहायला कुणी तयार नव्हतं म्हणून म्हणा, गटाची वही माझ्याकडे आली. गट नाचणीचे पापड करतो. मी वही वेबिलासारखी, म्हणजे कंडक्टरच्या तिकीट-हिशोबाच्या कागदासारखी, आखली. आता ड्युटीवर जाताना कंडक्टरला स्वतःच्या खिशातले पैसे वेबिलावर आधी लिहावे लागतात, नाहीतर चेकिंगला पंचाईत. हात सवयीचा. पहिल्याच पानावर मी लिहिलं, "खाजगी रोकड ४० रुपये." बायका पोट धरून हसल्या. पुढच्या महिन्यात हिशोबात दहा रुपये कमी भरले. मी मुकाट्यानं खिशातून घातले, कारण आमच्यात कमी पडलं की कंडक्टरनंच भरायचं असतं. खजिनदार बाई मात्र ऐकेना. म्हणाली, "भाऊजी, पैसे घालून चूक झाकायची न्हाई, चूक शोधायची." रात्री साडेदहापर्यंत तिनं मला बसवलं. चूक सापडली. मैद्याचे दहा रुपये लिहायचेच राहिले होते. माझ्या नोकरीत एवढं कडक चेकिंग क्वचितच झालं असेल.

परवा बायको पापडांच्या दोन गोण्या घेऊन कराडला निघाली. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा माझ्या गाडीत माहेरवाशिणींची झुंबड उडायची. ही मात्र त्या सवलतीत एकदाही माझ्या गाडीत बसली नव्हती. मी स्टँडवर गोण्या चढवून दिल्या. कंडक्टर नवीन पोरगा, मला ओळखत नव्हता. "काका, येताय का? नाहीतर उतरा लवकर," म्हणाला. उतरलो. खिडकीतून बायको सांगत होती, "भात लावून ठेवा. मला यायला मुक्कामी गाडीच मिळेल."