भाव बांधला, पण माल कुठंय?

मंडळी, महागाई वाढली की पहिली मागणी हीच येते, सरकारने भाव बांधून द्यावेत. आणि मी सुरुवातीलाच सांगून टाकते, ही मागणी करणाऱ्याला अडाणी ठरवणाऱ्यातली मी नाही. पगार आहे तिथेच, भाडं वाढलंय, साबण, तेल, दूध, औषधं सगळंच वाढलंय आणि यातलं काहीही टाळता येत नाही, मग माणूस सरकारकडे नाही बघणार तर कोणाकडे बघणार? ज्याच्याकडे भरपूर आहे त्याची महागाईत फक्त शिल्लक कमी पडते, ज्याचं हातावर पोट आहे त्याचं ताटातलं कमी होतं. पण माझं म्हणणं असं की भाव बांधणं हे निम्मंच काम आहे. त्या भावात माल खरंच मिळेल आणि तो सगळ्यांना मिळेल याची जबाबदारी घेणं हे उरलेलं निम्मं, आणि तिथेच बहुतेक सरकारं हात वर करतात.

ही गोष्ट नवी नाहीये. इ.स. 301 मध्ये रोमचा सम्राट डायोक्लेशियन याने हजाराहून जास्त वस्तूंचे आणि कामांचे कमाल दर जाहीर केले, दगडात कोरून लावले, जास्त घेईल त्याला मृत्युदंड. लॅक्टँशियस नावाच्या त्या काळच्या लेखकाने लिहून ठेवलंय की भीतीपोटी माल बाजारात यायचाच थांबला आणि महागाई उलट वाढली. तो सम्राटाचा कट्टर विरोधक होता, त्यामुळे त्याचा शब्द जरा जपूनच घ्यायचा, पण एवढं नक्की की महागाईचं एक मोठं कारण खुद्द सरकारच्या टांकसाळीत होतं, नाण्यातली चांदी वर्षानुवर्षं कमी होत गेली होती आणि दोष मात्र व्यापाऱ्यावर ढकलला. झिंबाब्वेत जून 2007 मध्ये तेच झालं, सरकारने हुकूम काढला की भाव निम्म्यावर आणा, दुकानदारांना अटक केली, लोकांनी होतं नव्हतं ते उचललं आणि काही आठवड्यांत शेल्फं रिकामी. नोटा छापणं मात्र चालूच राहिलं. जुलै 2008 चा तिथला सरकारी महागाईचा आकडा 23 कोटी टक्क्यांच्या वर होता.

आता कोणी म्हणेल ही टोकाची उदाहरणं झाली. बरं, मग हंगेरी घ्या, साधा शांततेतला युरोपियन देश. फेब्रुवारी 2022 मध्ये तिथल्या सरकारने साखर, पीठ, सूर्यफुलाचं तेल, दूध आणि मांसाचे एकदोन प्रकार यांचे भाव मागच्या ऑक्टोबरच्या पातळीवर नेऊन गोठवले, नंतर अंडी आणि बटाटेही घातले. हेतू चांगलाच होता. पण दुकानदाराला घाऊक माल नव्या भावाने घ्यायचा आणि जुन्या भावाने विकायचा, म्हणजे प्रत्येक पिशवीमागे तोटा. मग तो काय करणार? एका गिऱ्हाईकाला इतकंच मिळेल अशी पाटी लावणार, माल कमी मागवणार, आणि जो तोटा झाला तो शेजारच्या शेल्फवरच्या चीज, ब्रेड, दह्यावर चढवणार, कारण त्यांचे भाव मोकळे होते. 2022 संपता संपता तिथली खाद्यपदार्थांची महागाई वर्षाला 40 टक्क्यांच्या वर गेली होती. सगळी काही या बंधनामुळे नाही, युद्ध होतं, इंधन होतं, चलन घसरलं होतं, पण ज्या घरासाठी हे केलं त्याच घराने साखरेवर वाचवलेले पैसे ब्रेडवर घातले. ऑगस्ट 2023 पासून ते बंधन काढून टाकलं.

म्हणून मी कायम एकच विचारते, भाव खाली ठेवलात, ठीक, पण मधला फरक कोण भरतंय? उत्पादनाचा खर्च कुठे गायब होत नाही. तो सरकारने तिजोरीतून भरला तर सबसिडी झाली, दुकानदाराच्या मार्जिनमधून गेला तर काही दिवस चालेल, आणि कोणीच भरला नाही तर तो गिऱ्हाईकच भरतो, रांगेत उभं राहून, हलका माल घेऊन, नाहीतर काळ्या बाजारात दुप्पट मोजून. रांगेचा हिशोब कोणी करत नाही कारण त्याचं बिल फाटत नाही, पण रोजंदारीवरच्या बाईचे दोन तास म्हणजे तिच्या मजुरीतलेच पैसे गेले ना.

आता जिथे जमलं ते सांगते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने जानेवारी 1940 मध्ये रेशनिंग सुरू केलं, ते पार जुलै 1954 पर्यंत चाललं. तिथे नुसते भाव नाही बांधले. प्रत्येक कुटुंबाने रेशनच्या मालासाठी एका ठराविक दुकानदाराकडे नाव नोंदवायचं, त्याच्याकडे जितकी नावं तितकाच माल त्याला मिळणार, गिऱ्हाईक आलं की पुस्तकातलं कूपन रद्द करायचं. बाहेरून येणारा माल सरकारच विकत घ्यायचं आणि मुख्य पदार्थांवर सबसिडी द्यायचं, म्हणजे मधला फरक कोण भरतंय याचं उत्तर तयार होतं. आणि मला सगळ्यात जास्त पटतं ते कपड्यांचं. भाव बांधला की कापड पातळ होणार, शिलाई उसवणार हे त्यांनी आधीच ओळखलं, म्हणून 1941 पासून ‘युटिलिटी’ कपडे आणले, त्यावर सीसी41 असा शिक्का, कापड कोणत्या प्रतीचं हे सरकारने ठरवून दिलेलं. पुढच्या वर्षी तर पुरुषांच्या पँटच्या खालच्या दुमडीवरही बंदी आली, तेवढंच कापड वाचेल म्हणून! म्हणजे भाव, प्रत, वाटप तिन्ही एकत्र. तरी काळा बाजार झालाच, लोक कंटाळलेही, पण आपल्याला मिळतंय तेवढंच शेजाऱ्यालाही मिळतंय हे दिसत होतं म्हणून लोकांनी ते सोसलं.

उलट अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी 15 ऑगस्ट 1971 ला 90 दिवसांसाठी पगार आणि भाव गोठवले, लोक खूश, निवडणूक जिंकली. 1973 मध्ये परत गोठवले तेव्हा किरकोळ बाजारातली कोंबडी गोठली पण शेतावरचा मका, सोयाबीन मोकळं राहिलं, खाद्याचा खर्च निघेना म्हणून पोल्ट्रीवाल्यांनी पिल्लं बुडवून मारली आणि ते देशाने टीव्हीवर पाहिलं. साखळीतली एकच कडी आवळली की असं होतं.

जर्मनीने 2023 मध्ये गॅसचं जे केलं ते मात्र मला खूप शहाणपणाचं वाटतं. घरांच्या आधीच्या वापराच्या 80 टक्क्यांपर्यंत स्वस्त ठराविक दर, त्याच्या वरच्या प्रत्येक युनिटला बाजारभाव, आणि फरक सरकार भरणार. घर उबदार राहिलं आणि उधळपट्टीही झाली नाही. भाव कायम बांधायचाच असेल तर तो अशा बाजारात बांधावा जिथे विकणारे एकदोनच आहेत आणि खर्चापेक्षा कितीतरी जास्त उकळतायत, तिथे माल गायब होण्याची भीती कमी असते कारण बांधलेल्या भावातही नफा उरतो. दहा हजार छोट्या विक्रेत्यांच्या मागे इन्स्पेक्टर लावून काही होत नाही, झाली तर हप्तेबाजी होते.

मघाशी मागून एका ताईंनी विचारलं की भाव तोच आणि पाकीट छोटं, त्याचं काय. ताई, हा भाववाढीचाच प्रकार आहे, फक्त लपवलेला, आणि इथे सरकारला फार पैसे न घालता बरंच करता येतं. फ्रान्सने 1 जुलै 2024 पासून 400 चौरस मीटरच्या वरच्या दुकानांना सक्ती केली की माल कमी करून किलोमागचा भाव वाढवला असेल तर तशी पाटी दोन महिने शेल्फवर लावायची. किलोमागे, लिटरमागे भाव लिहायचा नियम तर युरोपियन युनियनने 1998 मध्येच केलाय. या मागणीसाठी ग्राहकांनी अडून बसायला पाहिजे, आणि ती पाटी विक्री किमतीइतक्याच मोठ्या अक्षरात मागा, नाहीतर कोपऱ्यात मुंगीएवढी छापतील आणि ज्या आजींना ती हवी आहे त्यांनाच ती वाचता येणार नाही.