धूर नसताना विस्तव

श्रोतेहो, नमस्कार.

कुणीतरी मांस भाजण्यासाठी नुकताच जाळ पेटवला आहे. धूर अजून निघालेला नाही, पण वासाने जमलेल्या माश्या-चिलटांचा काळसर थवा जाळावर घोंगावतो आहे. दुरून येणाऱ्या वाटसरूला तो थवा म्हणजे धूरच वाटतो आणि तो म्हणतो, 'तिथे विस्तव आहे.' विस्तव तर खरोखरच आहे. मग वाटसरूला त्याचे ज्ञान झाले, असे म्हणायचे का?

हे उदाहरण आठव्या शतकातील बौद्ध तर्कपंडित धर्मोत्तर याचे आहे. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात याच जातीचा पेच एडमंड गेटियर यांनी १९६३ साली अवघ्या तीन पानांच्या लेखात मांडला आणि 'सबळ आधार असलेली खरी समजूत म्हणजे ज्ञान' ही रूढ व्याख्या अपुरी ठरवली. त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. २००१ साली अमेरिकेतील काही संशोधकांनी विद्यार्थ्यांपुढे अशी उदाहरणे ठेवली, तेव्हा दक्षिण आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांची उत्तरे पाश्चात्त्य विद्यार्थ्यांपेक्षा वेगळी आली. पुढच्या चाचण्यांत मात्र हा फरक टिकला नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारत, ब्राझील, जपान आणि अमेरिका या चारही देशांतील लोकांचा कल अशा प्रसंगी 'हे ज्ञान नव्हे' असे म्हणण्याकडेच दिसला.

अशा चाचणीत प्रश्न कोणत्या शब्दात विचारला जातो, हे मला फार महत्त्वाचे वाटते. आपण मराठीत 'ज्ञान' म्हणतो तेव्हा ते खरेच असते, असे गृहीत धरतो; न्यायशास्त्रात, म्हणजे भारतीय तर्कविचाराच्या 'न्याय' दर्शनात, मात्र ज्ञान यथार्थही असते आणि अयथार्थही. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रह' या न्यायशास्त्रावरील ग्रंथातील व्याख्येनुसार, जी वस्तू जशी आहे तिचा तसाच अनुभव येणे म्हणजे यथार्थ अनुभव; या 'अनुभवा'त अनुमानाने कळणेही येते. ही व्याख्या तंतोतंत लावली, तर चुकीच्या खुणेवरून बरोबर ठिकाणी पोहोचलेल्या त्या वाटसरूचा अनुभवही यथार्थच ठरतो! म्हणजे गेटियर यांचा प्रश्न संस्कृतात नेताना 'ज्ञान' किंवा 'प्रमा' (यथार्थ अनुभव) हा शब्द ठेवून भागत नाही. त्या शब्दामागची सगळी मांडणी तपासावी लागते.

आपल्या अभ्यासक्रमांत भारतीय आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या स्वतंत्र प्रश्नपत्रिका असतात आणि त्यामुळे हे काम विद्यार्थ्याच्या वाट्याला येतच नाही, याची मला मनापासून खंत आहे. वाट नवी नाही. १९८३ साली पुण्यात, दयाकृष्ण आणि मे. पुं. रेगे या तत्त्वज्ञांच्या पुढाकाराने, न्यायशास्त्राचे पंडित आणि इंग्रजीतून शिकलेले प्राध्यापक समोरासमोर बसले होते, आणि ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेलच्या विधानविषयक उपपत्तीची चर्चा त्यांनी संस्कृतातून केली होती. महाविद्यालयाच्या वर्गात एवढा मोठा घाट घालण्याचीही गरज नाही. ज्या तासाला गेटियर शिकवायचे, त्याच तासाला फळ्यावर तो जाळ, तो थवा आणि दूरवर उभा असलेला वाटसरू काढावा, आणि धर्मोत्तर काय म्हणेल, नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचा पंडित, काय म्हणेल, हे विद्यार्थ्यांनाच एकमेकांशी भांडून ठरवू द्यावे.