अकरा विजय, दोन पराभव आणि माणदेशाचं पाणी

नमस्कार मंडळी. बाहेरच्या फलकावर आजचा विषय लिहिलाय, ‘विरोधी बाकावरचा आमदार दुष्काळी तालुक्याला पाणी कसं आणतो?’ त्या प्रश्नावर मी येणार आहे. पण आधी एक गोष्ट बोलू द्या. ती बरेच दिवस मनात साचली आहे, आणि आपल्यासारखं आपुलकीनं ऐकणारं सभागृह रोज मिळत नाही.

३० जुलै २०२१ ला सोलापुरात भाई गणपतराव देशमुख गेले, सांगोल्याचे अकरा वेळचे आमदार, सगळ्यांचे आबा. त्या रात्री आपल्या सगळ्यांच्या फोनवर काय काय आलं ते आठवा. एसटीत बसलेले आबा. पांढरा साधा सदरा घातलेले आबा. ‘असा आमदार पुन्हा होणे नाही.’ त्यातलं काहीही खोटं नव्हतं. आबासाहेब खरोखरच एसटीनं फिरले, साधे राहिले, हाताला डाग लागू दिला नाही. पण मला त्या रात्री वाईट वाटलं, आणि आजही वाटतं. एसटीनं तर अख्खा तालुका फिरतो. म्हणून कुणी अख्ख्या तालुक्याला अकरा वेळा निवडून देत नाही! साधेपणाचा हार एकदा गळ्यात घातला, की माणसानं पन्नास वर्षं काय मागितलं, कुणाशी भांडण केलं, कशासाठी हरला, हे विचारायची गरजच उरत नाही. मला आज तेच विचारायचं आहे.

तुम्हाला बरंचसं माहीत आहे, म्हणून भराभर सांगतो. आबा मूळचे सांगोल्याचे नव्हेत. ते मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे. वकील माणूस. सांगोल्याला आले आणि १९६२ साली शेतकरी कामगार पक्षातर्फे, म्हणजे शेकापतर्फे, पहिल्यांदा आमदार झाले. ती निवडणूक कशी होती? महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षं झालेली, यशवंतराव मुख्यमंत्री, आणि २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसच्या. त्या पुरात लाल बावट्याचे मोजकेच लोक तरले, त्यातला हा एक, पस्तिशीतला. पुढं १९६७, मग १९७४ ची पोटनिवडणूक, मग १९७८, १९८०, १९८५, १९९०. मग १९९९, २००४, २००९ आणि शेवटची २०१४. त्या शेवटच्या वेळी वय सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी, देशभर वेगळीच लाट, शेकापचे सगळ्या राज्यात मिळून तीन आमदार, पेण, अलिबाग आणि सांगोला. आणि आबांचं मताधिक्य पंचवीस हजारांच्या आसपास.

इथं एक खुलासा करतो, कारण आपल्याकडं कौतुकाच्या भरात हिशेब सुटतो. ‘सर्वाधिक वेळा आमदार, विश्वविक्रम’ असं लिहिलेलं तुम्ही वाचलं असेल. तसं नाही. तमिळनाडूत करुणानिधी तेरा वेळा निवडून आले आणि एकदाही हरले नाहीत, पण मतदारसंघ बदलत गेले. केरळात के. एम. मणी पाला या एकाच मतदारसंघातून तेरा वेळा निवडून आले, पण पक्ष फुटत गेले, नावं बदलत गेली. आबांचं वेगळेपण असं, की अकराही वेळा मतदारसंघ तोच आणि पक्षही तोच. पक्ष मोठा होता तेव्हाही तोच, पक्ष तीन आमदारांवर आला तेव्हाही तोच. खरं तेवढंच सांगितलं तरी माणूस उंचच दिसतो. त्याला आणखी उंच दाखवायला खोट्या पाटावर कशाला उभं करायचं?

आता पराभव. मी आयुष्यभर गणित शिकवलं. मुलगा सगळी गणितं बरोबर सोडवतो तेव्हा त्याला काय येतं ते कळतं, पण तो विचार कसा करतो ते चुकलेल्या गणितात दिसतं. म्हणून मला आबांचे दोन पराभव अकरा विजयांइतकेच महत्त्वाचे वाटतात. पहिला १९७२ चा. काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे निवडून आले. निवडणूक झाली मार्चमध्ये आणि त्याच वर्षी पाऊस गेला. बहात्तरचा दुष्काळ! इथं बसलेल्या ज्येष्ठांना तो सांगायला नको. सुकडी, मिलो ज्वारीची भाकरी, खडी फोडायची कामं, मजुरीच्या पैशासाठी शनिवारी लागणाऱ्या रांगा. सांगोल्यासारख्या तालुक्याच्या इतिहासातला सगळ्यात कठीण काळ, आणि त्या काळात आबा आमदार नव्हते. जागा रिकामी झाली, १९७४ ला पोटनिवडणूक लागली, आणि त्याच लोकांनी त्यांना परत पाठवलं. दुष्काळातून नुकत्याच बाहेर पडलेल्या माणसांचं मत होतं ते. माझ्या मते अकरांतला सगळ्यात वजनदार विजय तो.

दुसरा पराभव १९९५ चा. काँग्रेसचे शहाजीबापू पाटील जिंकले. फरक, एकशे ब्याण्णव मतं.

हा आकडा मी तीस वर्षं डोक्यात घेऊन फिरतोय. बघा, १९२ चा निम्मा ९६. म्हणजे सत्त्याण्णव माणसांनी शिक्का एक ओळ खाली मारला असता, की निकाल फिरला असता. ग्रामीण मतदारसंघात दोनशे मतदान केंद्रं धरली, तर दर केंद्रावर एक माणूससुद्धा पूर्ण येत नाही, निम्माच येतो.

त्या वर्षी मी दुसऱ्या एका मतदारसंघात मतमोजणीच्या टेबलावर होतो. आत्ताच्या मुलांना ती मोजणी ठाऊक नाही, म्हणून जरा सांगतो. तेव्हा यंत्रं नव्हती. पेटी टेबलावर उपडी करायची, घड्या उघडायच्या, निशाणीप्रमाणे ढीग लावायचे, मग पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे, वरून रबर. हाताला जांभळी शाई लागायची, ती दोन दिवस जात नसे. सगळं भांडण असायचं ते शंकेच्या मतांवर. घडी ओली असताना घातली, तर शाई समोरच्या निशाणीवर उमटायची. मूळ शिक्का कुठला आणि उमटलेला कुठला, हे ओळखायचं. तो बाण उलटा दिसतो की सुलटा, यावर दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी टेबलावर वाकून श्वास रोखून बघायचे. कुणी शिक्क्याऐवजी अंगठा उठवलेला असायचा. एखाद्या म्हातारीनं आयुष्यभर कागदावर अंगठाच उठवलेला, इथंही तिनं मनापासून तोच उठवला. ते मत बाद. आम्हाला दुसरा इलाजच नसायचा, नियम तसाच होता.

त्या रात्री, साधारण दोन वाजले असतील, माझ्या हातात एक मतपत्रिका आली. तिच्यावर शिक्का कुठंच नव्हता. वरच्या कडेला शिसपेन्सिलीनं, वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, ‘पानी द्या’. ‘णी’ नव्हे, ‘नी’. मी ती शेजारच्या सहकाऱ्याला दाखवली. तो काही बोलला नाही. प्रतिनिधींना दाखवली. त्यांतला एक म्हणाला, “गुरुजी, हे कुणाला धरायचं?” नियमानं ते कुणालाच धरता येत नव्हतं. बादच्या गठ्ठ्यात टाकली. आजही माझ्या बोटांना तो कागद आठवतो. तो माणूस घरून पेन्सिल घेऊन आला असणार, कारण मतदान केंद्रात पेन्सिल मिळत नाही. म्हणजे ते आधी ठरवून आला होता. पुढाऱ्यांपैकी कुणालाही मत द्यायचं नाही, आपलं म्हणणं तेवढं पेटीत टाकायचं, आणि ते कुणीतरी वाचेल.

दुसऱ्या दिवशी सांगोल्याचा आकडा ऐकला तेव्हा मला पहिल्यांदा आठवलं ते हे. अशी किती बाद मतं असतील? आणि मला कळलं, की पाण्याचा आमदार पाण्याच्या तालुक्यात हरू शकतो. लोक त्याला विसरतात म्हणून तो हरत नाही. तेहतीस वर्षं एकच मागणी घेऊन उभा राहिलेला माणूस समोर असतो आणि नळ कोरडा असतो, तेव्हा काही माणसांचा धीर सुटतो. मी त्यांना दोष देत नाही. आबांनीही दिला नाही. १९९९ ला त्याच मतदारांपुढं पुन्हा उभे राहिले आणि जिंकले.

आता गणिताच्या मास्तराला राहवत नाही म्हणून एक सांगतो. २०१९ ला आबा उभे राहिले नाहीत. नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले. समोर पुन्हा शहाजीबापू, या वेळी शिवसेनेकडून. तेच बापू, ज्यांचं झाडी-डोंगाराचं बोलणं पुढं २०२२ मध्ये साऱ्या महाराष्ट्रानं ऐकलं. बापू जिंकले. फरक सातशे अडुसष्ट. १९२ ला चारनं गुणा. ७६८! मी कागदावर तीनदा मांडून पाहिलं. योगायोग आहे, त्याला काही अर्थ नाही, पण वर्गात हे उदाहरण दिलं की शेवटच्या बाकावरचा मुलगासुद्धा मान वर करतो. दोन लाखांच्या आसपास मतं पडलेल्या लढतीत ७६८. या तालुक्यानं एकतर्फी प्रेम कधी केलंच नाही. अर्धा तालुका कायम समोर उभा होता, आणि त्या अर्ध्याशी बोलत बोलतच आबांनी हे सगळं केलं.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं उरलीत म्हणतात. म्हणजे फलकावरचा विषय आत्ता सुरू करायला हवा. माफ करा, जरा घाईनं सांगतो, पण नीट ऐका, कारण मी खरं यासाठीच आलो होतो.

सांगोला तालुका माण नदीकाठचा. पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर, तोही लहरी. माण पुढं भीमेला मिळते, पण बहुतेक वर्षं ती मिळते ती वाळू घेऊन. तालुक्याचं स्वतःचं पाणी पुरणारं नाही, म्हणजे दुसऱ्याकडून आणायला हवं. निरेचा उजवा कालवा, उजनी, टेंभू, म्हैसाळ, ही सगळी नावं तुम्हाला पाठ आहेत. प्रत्येक योजनेच्या वरच्या अंगाला बलवान तालुके, साखर कारखाने, मंत्री. सांगोला शेवटाला. कालव्याच्या टेलला. आणि टेलच्या गावाचा आमदार विरोधी बाकावर. पन्नासेक वर्षांच्या आमदारकीत आबा मंत्री झाले ते दोनदाच, १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि १९९९ ला काँग्रेस-राष्ट्रवादीच्या आघाडीत. पुलोदचं सरकार १९८० ला बरखास्त झालं, आणि २००२ ला शेकाप आघाडीतून बाहेर पडला. बाकी सारा काळ हातात सही नव्हती.

मग हातात होतं काय? एक, विधानसभेचं सभागृह. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, कपात सूचना, म्हणजे सरकारला जाब विचारायची हत्यारं. हे शब्द आपल्याला कंटाळवाणे वाटतात. पण मंत्री सभागृहात उठून ‘अमुक काम करू’ म्हणाला, की ते वाक्य नोंदलं जातं आणि आश्वासन समितीच्या यादीत जातं. सरकार बदललं, मंत्री बदलला, तरी कागद राहतो. ज्याला दर पाच वर्षांनी पक्ष बदलायचा असतो त्याला त्या कागदाचा उपयोग नसतो, कारण आपलंच जुनं भाषण त्याला अडचणीचं ठरतं. आबांना ते कधी अडचणीचं ठरलं नाही. १९६० च्या दशकातला प्रश्न ते २०१० नंतरही त्याच शब्दांत विचारू शकत होते. एकाच पक्षात राहण्याचा हा व्यवहारातला फायदा आहे, आणि तो कुणी सांगत नाही.

दोन, आपल्या तालुक्याबाहेरचे सोबती. नव्वदीच्या दशकात क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींनी आटपाडीला पाणी परिषदा सुरू केल्या. तेरा दुष्काळी तालुके एका मांडवाखाली. आबा त्यांच्या बरोबर. मागणी साधी होती आणि अवघड होती. पाणी आणताना ते सगळ्यांना सारखं वाटा, समन्यायी वाटा. वरच्यानं ऊस भिजवायचा आणि खालच्यानं टँकरची वाट बघायची, हे बंद करा. सांगोला एकटा ओरडला असता तर मुंबईत कुणी ऐकलं नसतं. तेरा तालुके एका सुरात बोलले तेव्हा ऐकावं लागलं. (टेंभू हे कऱ्हाडजवळचं गाव, आगरकरांचं जन्मगाव. त्या गावाच्या नावानं कृष्णेचं पाणी आज माणदेशात चढतं, याचा मला फार आनंद आहे.)

तीन, सहकार. शेतकरी सहकारी सूतगिरणी. पाणी येईपर्यंत माणसानं गाव सोडू नये, म्हणून हाताला काम. आणि थोडं थोडं पाणी आल्यावर त्या पाण्यात उसाऐवजी डाळिंब. सांगोल्याच्या शेतकऱ्यानं ठिबकच्या थेंबावर ती बाग उभी केली, ते श्रेय त्याचं आहे, आमदाराचं नव्हे. पण कमी पाण्यात भागवायचं आणि ते वाटून घ्यायचं, हे दोन विचार एकाच मातीतले आहेत असं मला वाटतं. यावर खरं तर एक स्वतंत्र तास हवा. तेल्या रोगानं बागा गेल्या तेव्हा काय झालं, तेही राहिलंच.

दोनच मिनिटं घेतो. २०२४ ला आबांचे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख सांगोल्यातून निवडून आले. विधानसभेत शेकापची तेवढी एकच जागा. तुमच्यापैकी काहीजण त्या भागातले आहेत, कुणाची सोयरीक तिकडं आहे. बाबासाहेबांना भेटाल तेव्हा आजोबांच्या एसटीच्या आठवणी जरूर काढा. पण त्याच बरोबर हेही विचारा, की या उन्हाळ्यात कालव्याच्या पाण्याचं आवर्तन किती दिवसांचं सुटलं, चारीच्या शेवटच्या गावात दारं धरायला शेतकरी रात्री किती वाजता गेला, आणि त्याच्या वाफ्यापर्यंत पाणी पोचलं का. उत्तर लिहून घ्या, तारीख घाला. पुढच्या वर्षी मला इथं पुन्हा बोलावलंत, तर मी ते कागद मागणार आहे.