सालागा : कवड्यांनी मोजलेला बाजार

(दृश्य : तांबडा रस्ता, दोन्ही बाजूंना विरळ झाडे, टपावर कंदांची पोती लादलेली गाडी.)

तामले हे उत्तर घानातले सर्वांत मोठे शहर. तिथून दक्षिणेला सालागाकडे निघाले की शहराची गजबज लवकरच मागे पडते, आणि मग सुमारे १२० किलोमीटर एकच देखावा सोबतीला राहतो : कोकणातल्या जांभ्याची आठवण करून देणारी तांबडी माती, माणूस झाकेल एवढे वाळलेले गवत, आणि जमीन साफ करतानाही शेतकऱ्यांनी जाणून राखलेली शियाची झाडे. ही झाडे सहसा कोणी लावत नाही, ती आपसूक उगवतात. पण त्यांच्या बियांपासून निघणाऱ्या लोण्यावर इथल्या असंख्य बायकांचा संसार चालतो, म्हणून त्यांच्यावर कुऱ्हाड पडत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत सहाराकडून हरमाटन नावाचा कोरडा वारा धूळ घेऊन येतो. तेव्हा भर दुपारीही सूर्य पितळी ताटलीसारखा फिकट दिसतो आणि ओठांना भेगा पडतात.

घानाने २०१९ साली आपल्या प्रांतांची फेररचना केली आणि या भागाला ‘सव्हाना’, म्हणजे गवताळ मुलूख, हेच नाव दिले. सालागा हे त्यातल्या पूर्व गोंजा भागाचे मुख्य ठिकाण आहे. नकाशावर ते शोधावे लागते. मात्र दीडशे वर्षांपूर्वी इथून सरळ रेषेत हजार किलोमीटरहून दूर असलेल्या कानो शहरातल्या, म्हणजे आजच्या उत्तर नायजेरियातल्या, कोणत्याही व्यापाऱ्याला सालागाची वाट विचारली असती, तर त्याने मुक्काम मोजून सांगितली असती.

(दृश्य : बाजाराची सकाळ. मोठ्या कढईत वडे.)

उत्तर घानातल्या अनेक गावांचा बाजार आपल्यासारखा आठवड्याच्या वारावर भरत नाही. तो कुठे दर तिसऱ्या दिवशी, तर कुठे दर सहाव्या दिवशी येतो. त्यामुळे ‘आज बाजार आहे का’ या प्रश्नाचे उत्तर पंचांगापेक्षा बोटांवर लवकर मिळते. बाजाराच्या दिवसाची सुरुवात न्याहारीने होते. चवळी भिजवून, वाटून, फेसून केलेले ‘कोसे’ नावाचे वडे आणि त्यासोबत आले-मिरी घातलेली बाजरीची पातळ, आंबूस पेज, म्हणजे ‘कोको’. मराठी माणसाला या पानापुढे परके वाटण्याचे काही कारण नाही. तेलाचा वास तोच, कढईभोवतीची गर्दीही तीच, आणि पहिला घाणा कुणाला मिळणार यावरची कुरबुरही तशीच.

पुढे गेल्यावर बाजाराची खरी भाषा कळते, ती मापांची. तांदूळ, मका, ज्वारी, शेंगदाणा हे सारे इथे तराजूवर क्वचितच चढते. घानाभर चालणारे ‘ओलोंका’ नावाचे पत्र्याचे माप धान्याच्या राशीत खुपसले जाते, त्यावर दोन्ही हातांनी शीग रचली जाते, आणि ओघळणारे दाणे तळव्याने अडवत ते माप गिऱ्हाइकाच्या पिशवीत रिकामे होते. शेर-पायलीच्या काळातल्या आजीला हे दृश्य समजावून सांगावे लागले नसते. शीग रचल्यावरही गिऱ्हाईक जागचे हलत नाही, कारण वर मूठभर घालून मिळणे हा त्याचा हक्क आहे. हौसा भाषेत त्याला ‘ग्यारा’ म्हणतात. विक्रेती मान वळवते, पुटपुटते, आणि मूठ घालते. पण त्या मुठीतली बोटे किती आवळलेली आहेत, याकडे दोघींचेही लक्ष असते.

याम नावाचे लांबट, मांडीएवढे कंद मात्र मापात मावत नाहीत. घाऊक व्यापारात ते शेकड्याने मोजले जातात. ते पिकवणाऱ्यांत कोंकोम्बा जमातीचे शेतकरी पुष्कळ आहेत. एका बाजूला ‘दावादावा’ची काळपट गोळी मांडलेली असते. एका शेंगेच्या बिया शिजवून आणि आंबवून केलेला हा मसाला आहे. त्याचा वास पहिल्यांदा नाकाला झोंबतो, आणि सुक्या मासळीच्या बाजाराची सवय असलेल्या माणसाला तो लवकर आवडू लागतो. गोंजा, दागबानी, हौसा आणि दक्षिणेकडून आलेली ट्वी अशा चार भाषा एकाच ओट्यावर बोलल्या जातात, आणि कुणालाही त्यात विशेष काही वाटत नाही.

(दृश्य : ओल्या पानांखाली झाकलेल्या कोलाच्या बिया, जवळून.)

या गावाला मोठे केले ते या बियांनी. कोला हे दक्षिणेकडच्या दाट, पावसाळी जंगलातले फळ. त्याच्या लाल आणि पांढुरक्या बिया चघळल्या की भूक आणि शीण काही काळ मागे हटतात, कारण त्यात कॅफीन असते. चव कडू असते; पण चघळून झाल्यावर प्यायलेले पाणी, आवळ्यानंतर लागते तसे, गोड लागते. सहाराच्या कडेपर्यंतच्या कोरड्या प्रदेशात ही बी उगवत नाही, आणि तिथे पाहुण्याचे स्वागत असो, बारसे असो की लग्नाची बोलणी असोत, कोला वाटल्याशिवाय ते पुरे होत नाही. लग्न ठरले की ‘सुपारी फुटली’ म्हणणाऱ्या समाजाला ही रीत चटकन उमगेल.

अडचण एवढीच की ही बी नाजूक आहे. ती उघडी राहिली तर वाळते, कोंडली तर कुजते. म्हणून ती ओल्या पानांत बांधतात, वाटेत पुन्हापुन्हा सोडतात, किडलेली निवडून टाकतात आणि पाने बदलून पुन्हा बांधतात. जंगल जिथे संपते आणि गाढवांच्या तांड्यांना चालता येईल असा गवताळ मुलूख जिथे सुरू होतो, तिथे माल बदलण्याचे एक ठिकाण लागणारच होते. दक्षिणेच्या जंगलातल्या असांते राज्याने अठराव्या शतकात सालागाभोवतीच्या गोंजा मुलखावर आपला वचक बसवला आणि पुढे आपला कोला उत्तरेकडच्या व्यापाऱ्यांना देण्यासाठी सालागा हे नाके धरले. उत्तरेचे तांडे कापड, चामड्याच्या वस्तू, गुरे आणि स्वयंपाकात व तंबाखूत वापरला जाणारा नॅट्रॉन नावाचा खार घेऊन येत, आणि कोला घेऊन परतत. आलेला व्यापारी उतरायचा तो ‘माई गिडा’च्या, म्हणजे घरधन्याच्या वाड्यात. हा घरधनी त्याला जेवू घालायचा, माल ठेवून घ्यायचा, गिऱ्हाईक आणायचा, उधारीला जामीन राहायचा आणि व्यवहारातून आपला वाटा काढून घ्यायचा. आपल्या अडत्याचाच हा भाऊबंद म्हणावा, फक्त याच्याकडे अंथरुणाचीही सोय असे.

(दृश्य : तळहातावर चार कवड्या.)

आणि पैसे? ते आमच्या ओळखीचे निघाले. सालागाच्या बाजारात भाव चालत ते कवड्यांत. आफ्रिकेच्या या भागात कवडी सापडत नाही. ती हिंदी महासागरातून, मुख्यतः मालदीव बेटांवरून आली. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३४३ साली मालदीवला पोहोचला, तेव्हा तिथे कवड्या गोळा करून बाहेर पाठवल्या जात होत्या. सुमारे नऊ वर्षांनी सहारा ओलांडून तो माली राज्यात गेला, तर तिथे त्याच कवड्यांनी देवघेव चालली होती. पुढे डच आणि इंग्रज व्यापाऱ्यांनी त्या भारत आणि श्रीलंकेच्या बंदरांतून जहाजांच्या तळाशी भरून युरोपात नेल्या, आणि तिथून पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आणून माणसे विकत घेतली. एकोणिसाव्या शतकात झांझिबारकडच्या स्वस्त, जाडसर कवड्यांचा पूर आला आणि इथल्या चलनाची किंमत कोसळली. पश्चिम आफ्रिकेत वीस हजार कवड्यांचे एक पोते धरण्याची पद्धत होती. त्याचे वजन वीस किलोच्या वर भरे, तेव्हा मोठा व्यवहार करायचा तर पैसे वाहायलाच हमाल लागत.

आराध्यांच्या गळ्यातल्या माळेमुळे कवडी महाराष्ट्रात देवीची झाली, आणि बोलण्यात मात्र ती क्षुल्लकपणाची खूण राहिली. ‘कवडीमोल’, ‘फुटकी कवडीही देणार नाही’ हे शब्द आपण सहज वापरतो. सालागात ते शब्द तोंडातच राहतात, कारण इथे ज्या वस्तूंची किंमत कवड्यांत सांगितली जाई, त्यांत माणूसही होता.

(दृश्य : मोकळी जागा, एक तरुण झाड. निवेदन संथ.)

ही गुलामांच्या बाजाराची जागा. ज्या गोरखचिंचेखाली माणसे साखळीने बांधून बसवत, ते जुने झाड आता नाही. आठवण राहावी म्हणून तिथे दुसरे लावले आहे. ब्रिटनने १८०७ साली समुद्रापारच्या गुलामव्यापारावर बंदी घातली, पण त्यामुळे हा बाजार बंद झाला नाही. माणसे आता जहाजावर चढवली जात नव्हती एवढेच. ती असांतेच्या शेतांवर आणि किनाऱ्याजवळच्या मळ्यांवर जुंपली जात होती. उत्तरेकडे राज्यछत्र नसलेल्या छोट्या वस्त्यांवर घोडेस्वारांच्या टोळ्या धाड घालत, आणि त्यांत झाबरिमा धाडकऱ्यांचा, विशेषतः त्यांचा म्होरक्या बाबातू याचा, दरारा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत टिकला. ब्रिटिशांनी १८७४ साली आपल्या गोल्ड कोस्ट वसाहतीत, म्हणजे आजच्या घानाच्या किनारी भागात, गुलामगिरी बेकायदा ठरवली तेव्हा सालागा त्या हद्दीच्या पलीकडे होते.

गावात एक पाणवठा ‘वोंकान बावा’ या नावाने दाखवतात. हौसा भाषेत ‘वांका’ म्हणजे आंघोळ आणि ‘बावा’ म्हणजे गुलाम. लांबून चालवत आणलेल्या माणसांना बाजारात उभे करण्याआधी इथे धूत आणि त्यांच्या अंगाला शियाचे लोणी चोळत, म्हणजे कातडी तुकतुकीत दिसे आणि भाव चढे, असे इथले लोक सांगतात. सांगताना आवाज उंचावत नाही. एखाद्या घरात विकणाऱ्याचे रक्त असते, शेजारच्या घरात विकल्या गेलेल्याचे, आणि काही घरांत दोन्ही. कोण कुठला हे चारचौघांत उकरून काढायचे नाही, असा इथला संकेत आहे. माहितीपटासाठी कॅमेरा घेऊन आलेल्यानेही तो पाळावा, असे आम्हाला वाटले.

(दृश्य : विहिरीचे अरुंद तोंड. दोर, पोहरा.)

सालागाची दुसरी ओळख म्हणजे शंभर विहिरींचे गाव. मोठ्या नदीपासून दूर वसलेल्या या गावात हजारो माणसे, गाढवे आणि गुरे एकदम येऊन उतरत, आणि पाणी पुरत नसे. म्हणून तांबड्या, कठीण थरात लहान गोल तोंडाच्या विहिरी खोदल्या गेल्या, आणि ते कष्ट गुलामांनी उपसले असे सांगतात. कठड्याशी टेकून आत पाहिले तर आधी काळोख दिसतो, मग डोळे सरावल्यावर खाली नाण्याएवढा उजेड. काही विहिरी बुजल्या, काहींच्या भोवती आता घरांच्या भिंती आल्या आहेत.

बाजार कसा मोडला, ते थोडक्यात सांगता येते. १८७४ साली इंग्रजांनी असांतेची राजधानी कुमासी जाळली, त्याबरोबर सालागाने असांतेच्या अधिकाऱ्यांना हुसकावले, अनेकांना ठार केले. असांतेने उलट कोलाची वाट किंतांपो या दुसऱ्या गावाकडे वळवली. सालागात बाजार उरला, पण मुख्य मालच येईना. १८८८ साली ब्रिटन आणि जर्मनीने हा मुलूख तटस्थ ठरवला, आणि त्यांच्या नकाशांवरच्या या वाटाघाटी चालू असतानाच गावावर खरा घाव आतून बसला. सालागावर सत्ता होती ती शेजारच्या क्पेंबे इथल्या गोंजा प्रमुखाची, आणि ती गादी तीन घराण्यांत फिरत असे. तिच्यावरून भडकलेल्या लढाईत १८९२ साली सालागा लुटले गेले आणि व्यापारी पांगले. त्यांच्यासोबत गेला तो कानोत जन्मलेला विद्वान कवी अल-हाज उमर. अरबी आणि हौसा या दोन्ही भाषांत लिहिणाऱ्या या माणसाने पुढचे आयुष्य व्होल्टा नदीकाठच्या केटे-क्राची इथे काढले आणि तिथेच १९३४ साली त्याचा मृत्यू झाला. १८९९ साली वाटणी होऊन सालागा ब्रिटिशांकडे गेले, तेव्हा ते बाजारपेठेपेक्षा ठाणे अधिक उरले होते.

सालागाचे व्यापारी ज्या केटे-क्राचीला गेले, ते जुने गावही आज दिसत नाही. १९६५ साली अकोसोंबोचे धरण पुरे झाले आणि व्होल्टा सरोवराच्या पाण्याखाली ते गेले.

(दृश्य : संध्याकाळ. रिकामे होत चाललेले ओटे.)

उन्हे कलली की यामच्या गाड्या आधी निघतात, कारण दक्षिणेला जायचे तर माकोंगोच्या धक्क्यावरून सरोवर ओलांडून येजीला नेणारी फेरी बोट गाठावी लागते आणि फेरी कुणासाठी थांबत नाही. कोला विकणाऱ्या मावशी उरलेल्या बिया पसरून एकेक चाचपून पाहतात. डाग पडलेल्या बाजूला काढतात, चांगल्या बियांवर पाणी शिंपडतात, नवी पाने अंथरून पोत्याचे तोंड शिवतात. मग पदराच्या गाठीतले पैसे मोजायला बसतात. हे पैसे म्हणजे सेडी, घानाचे १९६५ पासूनचे चलन, आणि ‘सेडी’ हा शब्द आला आहे तो अकान भाषेतल्या कवडीच्या नावावरून. मोजताना एक चुरगळलेली नोट हाती लागते. मावशी ती मांडीवर ठेवून तळव्याने सपाट करतात, उजेडाकडे धरून पाहतात, आणि बाकीच्या नोटांच्या मधोमध घालून पुन्हा पहिल्यापासून मोजू लागतात.