रुक्मिणीचा रुसवा आणि वन्स मोर

मंडळी, नाटकं पाहणाऱ्या माणसाला एक प्रश्न हमखास येतो: तुम्ही संगीतवाले की गद्यवाले? जणू दोन पक्ष आहेत आणि कुठला तरी एक झेंडा खांद्यावर घ्यायलाच हवा. मी दोन्हींना जाते, दोन्हींत रमते आणि दोन्हींत सडकून वैतागतेही. आज वकिली कुणाचीच करणार नाही. तक्रारी मात्र करीन, कारण तिकीट काढणाऱ्याचा तेवढा हक्क असतो.

1967 हे साल घ्या. त्या एका वर्षात मराठी रंगभूमीवर ‘कट्यार काळजात घुसली’ आलं आणि ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ही आलं. एकात गायकीच नाटकाचा विषय. दुसऱ्यात वेळ घालवायला मांडलेला लुटुपुटीचा खटला एका बाईच्या जिवावर उठतो. नाट्यशास्त्राच्या पुस्तकात ही दोन नाटकं वेगवेगळ्या प्रकरणांत सापडतील. खुर्चीत बसल्यावर मला त्यांच्यात फार अंतर वाटत नाही. दोन्हींत प्रत्येक आवाजाला काम नेमून दिलेलं आहे, फुकटचा एकही नाही.

नाटकातल्या पदाला मी एकच गोष्ट विचारते. पद संपल्यावर ते म्हणणारं माणूस सुरुवातीला होतं तिथंच आहे, की थोडं हललंय? तिथंच असेल तर गाणं कितीही सुरेल असो, नाटक तेवढा वेळ थांबलेलं असतं. थांबू नये असं नाही. पण आपण थांबलोय हे नाटकवाल्यांना माहीत असावं.

अण्णासाहेब किर्लोस्करांना ते पक्कं माहीत होतं. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक झाले, त्याला आपण संगीत नाटकाचा जन्म म्हणतो. त्याआधी 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं, त्यातही गाणं होतंच. पण तिथं गायचं मुख्य काम सूत्रधाराकडे. किर्लोस्करांनी ते पात्रांच्या तोंडी दिलं. बदल वरवर लहान वाटतो. पण गाणारा कथेच्या बाहेर उभा राहून गातो तेव्हा तो वर्णन करतो, आणि पात्र गातं तेव्हा ते कुणाला तरी काहीतरी सांगत असतं. समोर ऐकणारा असतो. त्याच्यावर परिणाम व्हावा अशी गाणाऱ्याची इच्छा असते.

1882 चं ‘सौभद्र’ बघा. पदं शंभराहून अधिक. आकडा ऐकून छाती दडपते, पण त्यातली कितीतरी साकी-दिंडीसारख्या साध्या छंदांतली, छोटी आहेत. दोन-चार ओळी आल्या, गोष्ट पुढे सरकली, लगेच संवाद सुरू. बोलता बोलता चाल लागावी आणि चालीतून पुन्हा बोलण्यात यावं, इतकं ते सहज. बलरामाने सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी ठरवलंय, तिचं मन अर्जुनावर, आणि ती ‘वद जाऊ कुणाला शरण’ म्हणते. घरात दाद मागायला जागा उरलेली नाही, ही तिची नेमकी अडचण त्या पदात आहे. ते काढलं तर सुभद्रेचं भयच कळत नाही.

आता त्याच नाटकातला दुसरा प्रसंग. रुक्मिणी रुसलीय आणि कृष्ण तिची समजूत काढतो, ‘नच सुंदरी करू कोपा’. चांगली नटी असेल तर पदभर रुक्मिणी बघण्यासारखी असते. आधी पाठ फिरवलेली, मग मान थोडी वळते, मग ओठाचा कोपरा हलतो, आणि शेवटच्या आवर्तनाला हसू आवरत नाही. रुसवा गेला, पदाचं काम झालं. एवढ्यात मागून आवाज येतो: वन्स मोर! ऑर्गनवाला सूर धरतो, कृष्ण पुन्हा सुरुवातीच्या जागी जातो, आणि हसलेल्या रुक्मिणीला परत रुसून बसावं लागतं. तिचा तो अर्ध्या क्षणाचा गोंधळलेला चेहरा मी बऱ्याच प्रयोगांत पाहिलाय. कृष्णाला दुसऱ्यांदा टाळ्या मिळतात. रुक्मिणीने मघाशी बारकाईने रचलेलं सगळं मात्र पाण्यात जातं.

वन्स मोर देणाऱ्यांत मीही हात वर करून बसलेली असते, ते वेगळं. गोड गळा ऐकला की कसोट्या विसरायला होतात. आणि दोष एकट्या प्रेक्षकाचा नाही. देवलांच्या ‘शारदा’त, म्हणजे 1899 पर्यंत, पद आटोपशीर आहे.  ‘मूर्तिमंत भीती उभी’ ऐकताना चालीकडे लक्ष जाण्याआधी म्हाताऱ्याशी लग्न ठरवलेल्या त्या पोरीची धडधड ऐकू येते. पुढे 1911 ला खाडिलकरांचं ‘मानापमान’ आलं, गोविंदराव टेंब्यांच्या चाली आल्या. 1916 च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी थेट ख्यालगायकीतल्या चीजांचा घाट दिला. तबल्याला तिरखवाँसाहेब, सारंगीला कादरबक्ष आणि गायला बालगंधर्व अशी बैठक गंधर्व मंडळीत जमली. अशा वेळी पद दोन मिनिटांत संपवा असं सांगायची कुणाची हिंमत होती? लोकांनाही ते संपायला नकोच होतं. नाटक पहाटेपर्यंत चालायचं.

‘मानापमान’बद्दल माझं मत ऐकून काहींना राग येईल. त्याची गोष्ट मला तकलादू वाटते. श्रीमंत भामिनीने गरीब सेनापती धैर्यधराला नाकारायचं, मग वनमालेचं सोंग घेऊन त्याच्याच प्रेमात पडायचं. दुसऱ्या अंकात काय होणार ते पहिल्यातच कळतं. तरी मी जाते, कारण तिथं चालीच माणसाचा ताठा आणि नरमाई दाखवतात. संवादांपेक्षा टेंब्यांना भामिनी अधिक कळली होती. 1921 चा तो संयुक्त ‘मानापमान’, टिळक स्वराज्य फंडासाठी केलेला, केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी, त्याला लोक गोष्टीसाठी खचितच गेले नसतील.

‘एकच प्याला’त (1919) वाटणी अगदी उघड आहे. गणपतराव बोडसांचा सुधाकर गद्यात कोसळत जातो, बालगंधर्वांची सिंधू गाते. पदं तर गडकऱ्यांची नाहीतच, वि. सी. गुर्जरांची. दोन हात लागलेले जाणवतात, नाकारण्यात अर्थ नाही. पण ‘कशि या त्यजू पदाला’ हे सिंधूचं पद निर्णय आहे. नवऱ्याला सोडून जायला ती नकार देते. आज तो निर्णय पटो न पटो, घेताना ती गाते म्हणून आपण ऐकून घेतो. साध्या वाक्यात म्हणाली असती तर अर्धं प्रेक्षागृह तिच्याशी भांडायला उठलं असतं. मी पहिली.

1933 ला ‘आंधळ्यांची शाळा’ आलं, गाणी मोजकी झाली, बायकांची कामं बायका करू लागल्या. 1942 च्या ‘कुलवधू’त ज्योत्स्नाबाई भोळ्यांनी ‘बोला अमृत बोला’ भावगीताच्या नाजूकपणाने म्हटलं. तोवर बोलपट थिएटरात गाऊ लागला होता, रात्र जागवणारी नाटकं मागे पडत चालली होती.

आता ‘कट्यार’. दारव्हेकरांचं लेखन, अभिषेकींचं संगीत आणि खाँसाहेब आफताब हुसेन म्हणजे वसंतराव देशपांडे. ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद दोन वेळा येतं, दोन घराण्यांच्या गायकीत. एक चाल सालगवराळीतली, दुसरी धानीतली. शब्द तेच, मकरंदाला भुललेला भुंगाही तोच, पण एका चालीत तो सावकाश घुटमळतो आणि दुसरीत सुसाट सुटतो. दोन गवयांचं भांडण कशावरून आहे हे समजावणारा लांबलचक संवाद दारव्हेकरांना लिहावाच लागला नाही. ज्याला राग ओळखता येत नाही त्यालाही कानाने फरक कळतो. याहून चोख काम मला संगीत नाटकात सापडलेलं नाही. ‘मत्स्यगंधा’, ‘ययाति आणि देवयानी’ यांतली गाणी मला घरी ऐकायला अधिक आवडतात. रंगमंचावर मात्र ‘कट्यार’ पुढे.

घरी ऐकण्यावरून आठवलं. नाट्यसंगीताच्या मैफली हल्ली जोरात असतात. होऊ देत. पण निवेदक रागाचं नाव सांगतो, मूळ गायकाचं सांगतो, त्यांच्या आजारपणाचा किस्साही सांगतो, आणि हे पद कुठलं पात्र कुणाला उद्देशून म्हणतंय ते गाळतो. ‘नाथ हा माझा’ मधला नाथ कोण, म्हणणारी ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी कुठल्या पेचात आहे, हे माहीत नसलेले गायकही मी ऐकलेत. मग ते सगळी पदं एकाच लाडिकपणाने गातात.

गद्य नाटकांकडे वळते. ‘शांतता!’मध्ये बेणारेबाईंना सगळ्यांनी मिळून सोललंय, खेळ संपलाय, माणसं आपापल्या कामाला लागलीत. ती रंगमंचावर निश्चल पडलेली. सामंत हिरवा कापडी पोपट तिच्याजवळ ठेवून जातो, आणि तिच्याच आवाजात लहान मुलांचं चिमणीचं गाणं ऐकू येतं. नाटकभर ओरडाआरडा, चेष्टा, कायद्याची भाषा, शेवटी बालगीत. तेंडुलकरांनी या जागी स्वगत संपवून पडदा पाडला असता तरी नाटक उभं राहिलं असतं, पण बेणारेच्या पोटातल्या मुलाची आठवण इतकी जिव्हारी लागली नसती.

‘ती फुलराणी’चं तर नवलच. शॉच्या ‘पिग्मॅलियन’वर शॉ हयात असेपर्यंत कुणाला संगीतिका करता आली नाही, त्यांची परवानगीच नव्हती. 1950 ला ते गेले आणि 1956 ला ‘माय फेअर लेडी’ ब्रॉडवेवर आली. पु. लं.नी 1975 साली त्याच नाटकावरून ‘ती फुलराणी’ केलं, ते संगीतिकेच्या वाटेला न जाता गद्य. तरीही लोकांना पाठ काय आहे? ‘तुला शिकवीन चांगलाच धडा’. भक्ती बर्वे ते म्हणायच्या त्यात यमक होतं, ठेका होता, सम गाठणं होतं. पेटी तेवढी नव्हती. फुलवालीला बोली शिकवायला निघालेल्या प्राध्यापकाला ती तिच्याच बोलीच्या लयीत हाणते, म्हणून ते पद आहे असं मी धरते.

उलट ‘घाशीराम कोतवाल’ (1972). भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यं आणि ब्राह्मणांची ती माणसांची भिंत. भिंत गात-डुलत असते, भजन चालू असतं, त्याच्या आडून काय चाललंय ते भिंत वळली की दिसतं. गाणं इथं झाकण्याचं काम करतं. सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’त (1974) मेलेला भाऊराव स्वतःच्या मरणावर कीर्तन लावतो. हसता हसता कीर्तनाची शिस्त इतकी अंगात भिनते की मढं बोलतंय याचं आश्चर्य वाटेनासं होतं. ही दोन्ही नाटकं संगीत म्हणायची की गद्य? मला कुणी खुलासा करून दिला तर आभारी राहीन.

मघाशी म्हटल्याप्रमाणे आता तक्रारी. पहिली ट्रॅकची. जुन्या संगीत नाटकाचा प्रयोग, वादक नाहीत, ध्वनिमुद्रित साथ सोडलेली. ऑर्गनवाला नटाच्या तोंडाकडे बघत असतो; नटाने एखादा स्वर जास्त धरला, मध्ये श्वास घेतला, समोरच्या पात्राकडे बघायला थांबला, तर साथ थांबते. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. बिचारा नट मागे पळतो, आणि मागे पळणारा अर्जुन पराक्रमी वाटत नाही. दुसरी कॉलर माइकची. नटी डावीकडे, आवाज उजवीकडच्या खोक्यातून. कुजबूज आणि किंकाळी एकाच उंचीची. गद्य नाटकाचं यात अधिक नुकसान होतं, कारण तिथं कोण कुठून बोललं यावर अर्धा अर्थ असतो.

तरी नवं काहीच चांगलं नाही असं म्हणणाऱ्यांत मला धरू नका. प्राजक्त देशमुखांचं ‘संगीत देवबाभळी’ (2017) पाहा. तुकोबांची आवली, पायात काटा रुतलेली, आणि तिची सेवा करायला वेश बदलून आलेली रखुमाई. दोनच बायका, घरकाम, भांडण आणि ओव्या-अभंग. काम करताना बायकांच्या तोंडी ओवी येतेच, त्यामुळे आता गाणं सुरू होणार असा झटका कुठेही बसत नाही. विठ्ठलाशी उभा दावा मांडलेली आवली आणि त्याच विठ्ठलावर रुसलेली रखुमाई यांचे सूर हळूहळू एकमेकींत मिसळतात, हे संवादातून दाखवायचं तर लेखकाला आणखी एक अंक लागला असता.

शेवटची तक्रार, ती निर्मात्यांसाठी. जुनं नाटक अडीच-तीन तासांत बसवायचं म्हणून तुम्ही काटछाट करता, ते समजतं. पण कात्री कुठे चालते? गाजलेली पदं ठेवता, साक्या-दिंड्या उडवता, संवाद कापता. जे गोष्ट पुढे नेतं तेच जातं आणि वेशभूषेतली मैफल उरते. एकदा उलटं करून बघा. ‘सौभद्र’ची तीन-चार लोकप्रिय पदं गाळा, साक्या-दिंड्या सगळ्या ठेवा, साथीला ऑर्गन-तबला, आणि वन्स मोर मिळणार नाही अशी पाटी दारावरच लावा. धंदा बसेल म्हणाल तर दोन संध्याकाळी विभागून अख्खं नाटक करा. दोन्ही दिवसांची पहिल्या रांगेतली तिकिटं मी आजच सांगून ठेवते, आणि रुक्मिणीचं काम करणारीला माझा निरोप द्या, यंदा एकदाच रुसायचंय.